आवाज खाली येतो ती जागा

बंद पडलेल्या डिपार्टमेंट स्टोअरसमोर गाडीचा आवाज खाली आला, आणि ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय तर जागचा हललाही नव्हता. सकाळची वेळ. हामामात्सुचा तो हिवाळ्यातला कोरडा वारा, कानशिलात बसणारा. रस्ता सरळ, सपाट, सिग्नल हिरवा. मी एका लयीत चालले होते, काटा जागेवर होता. फक्त आवाज खाली आला. एखादं माणूस बोलता बोलता आतल्या खोलीत कुणी आजारी आहे हे आठवून स्वर खाली घेतं, तसा. क्षणभर तिथेच राहिला आणि पुन्हा वर चढला. मागच्या गाडीवाल्याला काही कळलं नसणार, कारण हा आवाज बाहेर जातच नाही. माझ्या मात्र हातांवर काटा उभा राहिला. हा आवाज मी केलेला आहे. तो कुठे चढतो, कुठे उतरतो हे मला पाठ आहे. आणि असा उतरलेला मी आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकला होता, तिथून बऱ्याच लांब, डोंगरात, आमच्या चाचणीच्या रस्त्यावर, तिसऱ्या वळणाला.

आवाज मी केलेला आहे असं म्हटलं की लोक हसतात. गाडीचा आवाज कुणी करतं का, तो होतो, असं त्यांना वाटतं. पूर्वी होत होता. आमच्या असानुमा मोटर्सची पहिली मोझु ही गाडी निघाली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, पण ती आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली की आई गॅस बारीक करायची, बाबा आले म्हणून. सहा सिलिंडरचं इंजिन होतं, आमच्याच भट्टीत ओतलेलं, आणि त्याचा आवाज असा होता की पोरंटोरं खेळ सोडून कठड्यावर येऊन बसत. मोझु म्हणजे खाटीक पक्षी. हेमंतात तारेवर बसून कर्कश ओरडतो आणि मनात आलं की दुसऱ्या पाखरांच्या नकला करतो. आमच्या संस्थापकांनी गाडीला हे नाव का ठेवलं कुणास ठाऊक. आज ते नको इतकं लागू पडतं. कारण तिसऱ्या मोझुत आमचं इंजिनच नाही. ते ओतणारे इवाताचे म्हातारबुवा एक दिवस नमस्कार करून भट्टी बंद करून गेले, मुलगा तोक्योत बँकेत, पुढे चालवणारं कुणी नाही. त्यात धुराचे नियम, आवाजाचे नियम, आपटल्यावर समोरच्या माणसाचं डोकं फुटू नये म्हणून बोनेट उंच करायचा नियम; सगळे रास्त, एकावरही बोट ठेवता येणार नाही असे, आणि सगळे मिळून या गाडीच्या मुळावर उठलेले. एक मोझु विकली की सरकारी हिशेबात तिचा धूर फेडायला कितीतरी चिमुकल्या, दमेकरी गाड्या विकाव्या लागतात. घ्यायला येतात ते केस पिकलेले गृहस्थ, पंचविशीत घेता आली नाही ती आता घ्यावी म्हणून; बायको शोरूममध्ये लांब उभी राहून फोन बघत असते. त्यांच्या मुलांनी तर गाडी चालवायचा परवानाही काढलेला नसतो. अशा गिऱ्हाईकाच्या जिवावर कारखाना कसा चालायचा?

म्हणून सोयरीक जमवली. पश्चिमेकडच्या एका मोठ्या कंपनीशी, तिला आम्ही आपसात नुसतं 'थोरलं घर' म्हणतो. सांगाडा त्यांचा, इंजिन त्यांचं, रूप आमचं. ते इंजिन चांगलं आहे, काटकसरी आहे, शहाण्या सुनेसारखं कामाला वाघ आहे, आणि त्याचा आवाज व्हॅक्यूम क्लीनरसारखा आहे. तेव्हा आवाजही आमचा, स्पीकरमधून सोडलेला, चालवणाऱ्याच्या कानापुरता. सात वर्षं मी हेच काम करते आहे. माझं लग्न झालं नाही त्याचं कारण हे नव्हे, पण लोकांना तेच सांगते, पटकन पटतं.

"एक खोट," आमचे विभागप्रमुख साकाकिबारा मला म्हणाले होते, "एक जरी खोट निघाली ना इसोगाईसान, तरी ते हात वर करतील. त्यांच्या घरात निम्म्या लोकांना ही सोयरीक नकोच आहे. कारण शोधतायत नुसतं."

"आणि मोडली तर?"

"मोडली तर मोझु संपली. कारखान्याचं काय, गोल्फच्या गाड्यांचे गिअर करून पोट भरेल त्याचं, आजही निम्मं त्याच्यावरच भरतंय. पण मोझु नाही. जमलं तर दोन्ही." त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला, प्यायले नाहीत. "जमलं पाहिजे."

हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं असं म्हणणं खोटं आहे. पुढच्या सिग्नलला आलं. मी चौकाला वळसा घालून पुन्हा त्याच रस्त्याने आले, त्याच वेगाने, आणि पुन्हा तिथेच, बंद दुकानाच्या खाली ओढलेल्या शटरसमोर, आवाजाने मान खाली घातली. मग मी गाडी गल्लीत लावली आणि चालत परत गेले. उतरताना शेजारच्या सीटवरून पिशवी उचलली तेव्हा वाटभर चाललेली पट्ट्याची टुणटुण थांबली होती; नवीन मोझुत शेजारच्या सीटवर किलो-दोन किलोचं काहीही ठेवलं तरी गाडीला वाटतं माणूस बसलंय आणि ती पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून मागे लागते. रस्त्याच्या कडेला लोखंडी कठडा होता. त्याच्या पायाशी प्लॅस्टिकच्या कागदातली शेवंती, वाऱ्याने आडवी पडलेली, आणि गोड दुधाच्या कॉफीचा एक डबा, न उघडलेला. कुणाला तरी तो आवडत असणार. फुलं ताजी होती. कोण गेलं, केव्हा गेलं, तिथे काही लिहिलेलं नव्हतं. एक सायकलवाला माझ्याकडे बघून, मी घरचीच कुणी असेन असं समजून, किंचित मान लववून गेला. मी पण मान लववली. काय करणार?

आमच्या डोंगरातल्या रस्त्यावर तिसऱ्या वळणाला एक दगडी जिझो आहे, वाटसरूंना आणि गेलेल्यांना सांभाळणारा देव. गळ्यात लाल लाळेरं, ते दरवर्षी कुणीतरी नवं शिवतं. पहिल्या मोझुच्याही आधी तिथे एक चाचणी चालक गेला, क्योहेई नावाचा, बाबांबरोबरच कामाला लागलेला. बाबांकडे त्याचा एक फोटो होता, दोघे एकाच गाडीच्या दोन चाकांवर पाय ठेवून उभे, दोघांच्या तोंडात एकेक संत्र्याची फोड. त्यानंतर आमच्याकडे प्रथाच पडली. तिसऱ्या वळणावर, कितीही जोरात असलात, घड्याळ लावलेलं असलं, वरचे साहेब दुर्बीण लावून बघत असले, तरी क्षणभर पाय उचलायचा. मान लववायला डोळे रस्त्यावरून काढता येत नाहीत, तेव्हा गाडीनेच मान लववायची. मी तेरा-चौदा वर्षांची असताना बाबांनी मला एकदा शेजारी बसवून नेलं होतं. आवाज खाली आला तेव्हा मला वाटलं इंजिन बंद पडलं.

"पूर्ण थांबत का नाही?" मी विचारलं.

"थांबायचं नाही, चिहारू. थांबलं की त्याला वाटतं, आपल्यासाठी थांबले. मग तो येऊन शेजारी बसतो."

"बसला तर?"

"बसला तर उतरवायचा कसा?" बाबा म्हणाले आणि हसले, आणि पुढचं वळण त्यांनी असं घेतलं की मी किंचाळले. तो विषय तिथेच संपला. पण त्यानंतर कितीतरी वर्षं मला कुठेही गाडी थांबली, पेट्रोल भरायला, फाटकापाशी, की शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघायचा धीर व्हायचा नाही. अजूनही मी तिथे पिशवी ठेवते. सीट भरलेली बरी वाटते.

कामोशिदा हा आमच्याकडचा संगणकाचा माणूस, माझ्याच वयाचा, तोंडाने फटकळ. त्याला मी शहरातलं काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, आवाज एका ठिकाणी पडतो. त्याने गाडी डोंगरात नेली आणि दुपारच्या जेवणाला परत आला तो हसतच.

"भूत सापडलं," तो म्हणाला. "तिसऱ्या वळणावर. पाय दाबून धरलाय आणि आवाज बसतोय खाली. मग डोक्यात प्रकाश पडला. आपण यंत्राला आवाज शिकवला कशावरून? जुन्या मोझुंच्या चाचणीच्या फेऱ्यांच्या रेकॉर्डिंगवरून. त्या मारल्या कुणी? आपल्याच लोकांनी. तीस वर्षं जो तो तिथे पाय उचलतोय. बिचाऱ्या यंत्राला वाटलं, मोझु अशीच गाते. चढ, डावं वळण, तिसरा गिअर, की गळा खाली."

"कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"काय लक्षात यायचं? तुम्ही घरात शिरताना बूट काढता ते कुठे नोंदवता का? फेऱ्या घेताना सगळं टिपलंय बघा, वारा, तापमान, टायर कुठले. पाय उचलला हे कुणीच टिपलं नाही. ते गाडी चालवण्यात येतच नाही ना आपल्याकडे." त्याने डब्यातला भाताचा शेवटचा गोळा तोंडात टाकला. "बाहेरचा कुणी असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, हे काय?"

मी म्हटलं, "आणि सरळ रस्त्यावर झालं तर?"

"सरळ रस्त्यावर का होईल?"

"समज."

"मग गटाराचं झाकण असेल, नाही तर रस्त्याला उतार. यंत्र आहे, फसतं." त्याने डबा बंद केला. "इसोगाईसान, त्या फेऱ्या काढून टाकाव्या लागतील. म्हणजे जवळजवळ सगळ्या काकांच्याच, तुमच्या बाबांच्या. सर्वांत जास्त त्यांनीच मारल्यात, आणि सर्वांत लांब पाय उचलणारेही तेच. तुम्ही हो म्हटल्याशिवाय हात लावत नाही."

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. रस्त्यावर नाही गेले. इस्पितळात, पडद्याआड, खिडकीतून गाडीतळावरची गाड्यांची रांग दिसत होती तिथे. शेवटी शेवटी ते डोळे मिटून येणारी गाडी आवाजावरून ओळखत आणि कंटाळत, सगळ्या सारख्याच झाल्यात म्हणत. त्यांनी मागे काय ठेवलं? घड्याळ, एक जाड कोट, आणि ह्या फेऱ्या. फेऱ्यांत त्यांचा शब्दसुद्धा नाही. चाचणीत बोलायचं नाही असा नियम, आणि नियम मोडणारा माणूस तो नव्हता. पण त्यांचा पाय आहे. मी खोलीचं दार बंद करून, हेडफोन कानाला लावून बसले आणि ऐकत राहिले. पावसातली फेरी, टायर पाण्यावर फाटल्यासारखे. उन्हाळ्यातली, इंजिन जरा आळसावलेलं. एकीत वळणाआधी ते गिअर बदलताना अडखळले होते, ते बहुधा आई गेल्यानंतरचे दिवस. आणि प्रत्येकीत तिसरं वळण. आवाज चढत चढत येतो, आता तुटेल असं वाटतं, आणि एकदम तो हळू होतो. मला ते ऐकताना असं झालं की मी रडत नव्हते पण माझा चेहरा ओला होता. माझे बाबा मला फार हवे होते. त्या खोलीत, त्या वेळी, मला सात वर्षांच्या गाडीचं, थोरल्या घराचं, कशाचंच काही वाटत नव्हतं. नंतर वाटायला लागलं. आवाज काढून ठेवावा, घरी न्यावा असाही विचार आला, पण कंपनीबाहेर न्यायची परवानगी नाही, आणि मीही बाबांचीच मुलगी. तेवढ्यात भिंतीतलं हवेचं यंत्र घरघरत होतं ते थोडं खाली आल्यासारखं वाटलं. मी कानाचं काढलं. घरघर नेहमीसारखी चालू होती.

मी हो म्हटलं. मोझुसाठी म्हटलं. गाडी जगली तर आवाज जगेल, आवाज जगला तर त्यात बाबा कुठेतरी असतीलच, एका वळणापुरते नसले म्हणून काय झालं, अशी मी माझी समजूत घातली, आणि ती इतकी चांगली घातली की चार दिवस मला गाढ झोप लागली. मग मी स्वतः गाडी डोंगरात नेली. तिसरं वळण आलं. लाल लाळेरं दिसलं. चाचणी नीट व्हावी म्हणून मला पाय दाबून धरणं भाग होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे पाय उचलला नाही. आवाज चढत गेला, साफ, सुरेख, कुठेही न लवता त्या दगडासमोरून निघून गेला. आपण कुणाच्या घरावरून तोंड फिरवून पुढे जातो तेव्हा मानेला जसं जड होतं तसं मला झालं. परत येताना मुद्दाम शहरातून आले. बंद दुकानासमोरही काही झालं नाही. कठड्याशी फुलं नव्हती, कॉफीचा डबा तेवढा होता. मग ते उताराचंच होतं असं मी ठरवून टाकलं.

गाडी थोरल्या घराकडे न्यायची ती सकाळ उजाडली. त्यांच्याकडून हाचिया नावाचे गृहस्थ आले होते, सभ्य, बारीक आवाजाचे, चष्मा सारखा पुसणारे. गाडी मी चालवायची, ते शेजारी बसून मांडीवरच्या पडद्यावर आवाज बघत राहणार, असं वाटेतच शेवटची चाचणी करत त्यांच्या कारखान्यापर्यंत जायचं, तिथे दुपारी सह्या. निघण्यापूर्वी तपासणीतल्या ओताकेबाई गाडीवरून हात फिरवत होत्या. पांढरे सुती मोजे घालून त्या पत्र्यावरून असा हात फिरवतात की केसाएवढा फुगवटा असला तरी कळतो. साठीला आल्यात, जीभ मात्र विशीतली.

"पोरगी सासरी चालली," त्या मला म्हणाल्या. "अंग बघितलं मी, कुठे डाग नाही. गळ्याचं तुम्ही बघा."

"गळा उसना आहे, ओताकेसान."

"असू दे. सासरी कोण ऐकतंय? माझं ऐकतात का घरी?" आणि त्यांनी बोनेटला हलकीच चापट मारली. "आम्हाला काम लावून दे ग बाई तिकडे जाऊन. गिअर घासून घासून बोटं वाकडी झाली."

सगळे बाहेर आले होते. शेडच्या दारापासून फाटकापर्यंत दोन रांगा, राखाडी कपडे, हातात टोप्या, आणि वाऱ्याने सगळ्यांचे केस एका बाजूला. निरोपाला आमच्याकडे असंच उभं राहतात; गाडी निघाली की कमरेतून वाकतात, आणि ती वळून दिसेनाशी होईपर्यंत कुणी मान वर करत नाही. लहानपणी मला वाटायचं, जाणाऱ्याला कसं कळणार हे वर बघतात की नाही ते? बाबा म्हणायचे, आरशात दिसतं की.

मी गाडी सोडली. पहिली दोन माणसं वाकली, आणि आवाज खाली आला.

मी खाली पायाकडे बघितलं. पाय होता तिथेच होता. पुढची दोन वाकली, आवाज वर आला नाही. त्याच्या पुढची, त्याच्या पुढची. वळण नाही, चढ नाही, गटाराचं झाकण नाही, काँक्रीटचं अंगण, ज्याच्यावर मी रोज चालते. ज्या फेऱ्यांवरून हे शिकलं त्या फेऱ्या यंत्रात नाहीत, मी स्वतः काढायला लावल्या. तरी आवाज त्या दोन रांगांमधून मान खाली घालून चालला होता, एखाद्याला घरातून शेवटचं बाहेर काढतात तेव्हा पुढे चालणाऱ्या माणसासारखा.  माझ्या मनात फक्त एकच आलं: इथे कोण गेलं? एवढे सगळे तर उभे आहेत.

"किती खाली वाकलेत हो," हाचियासान हळूच म्हणाले. काचेतून ते रांगेकडे बघत होते. "आजच सांगितलं वाटतं त्यांना? मला वाटलं होतं, सह्या झाल्यावर सांगणार."

"काय सांगणार?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "माफ करा. मी धरून चाललो की तुम्हाला ठाऊक असेल. गाडी आमच्याकडेच बनणार ना. गिअरही आमच्या दुसऱ्या कारखान्यात. इथली जागा..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. आमच्याकडे सगळी वाईट वाक्यं अशीच सोडून देतात, समोरच्याने पुरी करून घ्यायची. मी पुरी करून घेतली. फाटकाजवळ रांगेच्या टोकाला साकाकिबारा उभे होते, अजून गाडी त्यांच्यापर्यंत पोचलीही नव्हती आणि ते सगळ्यांहून खाली वाकलेले होते. इतके, की त्यांचा चेहरा दिसू नये. जमलं तर दोन्ही, असं म्हणताना त्यांनी चहा का प्यायला नव्हता ते मला आता कळलं. राग आला. मग तोही राहिला नाही.

"इसोगाईसान," हाचियासान पडद्याकडे बघत होते, "इथे आवाज पडलाय. अजून पडलेलाच आहे. पाय उचललात का तुम्ही?"

हो म्हटलं असतं तर झालं असतं. एक अक्षर. मोझु जगली असती. त्या केस पिकलेल्या गृहस्थांनी ती घेतली असती, आणि रविवारी सकाळी कुठल्या तरी शहरातल्या कुठल्या तरी कठड्यासमोर तिने मान लववली असती आणि त्यांना कळलंही नसतं कुणासाठी. सात वर्षं. माझ्या हातून दुसरं काही झालेलं नाही. मी आरशात बघितलं. मागे पडलेल्या लोकांतलं कुणीही वर बघत नव्हतं. टोप्या हातात, मानेची मागची बाजू उघडी, त्यावर वारा. मोझुसाठी मी बाबांना काढून टाकलं होतं. ह्यांना काढायला मी हो म्हणायला हवं होतं, आणि ते मला म्हणता येईना.  पाय मात्र हलला, आणि तो उचलला गेला नाही, ब्रेकवर गेला.

गाडी रांगांच्या मधोमध थांबली. आवाज पार बंद झाला.

"का थांबलात?"

"पाय उचलला नव्हता मी," मी म्हणाले. "दोष आहे. लिहा."

"मी लिहिलं तर हे इथेच संपेल. तुम्हाला कल्पना आहे ना? दुपारच्या सह्या, ही गाडी, सगळं."

"लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता. त्यांनी लिहिलं, पडदा मिटला, दार उघडलं, आणि वाऱ्यात कोट धरून साकाकिबारांच्या दिशेने चालू लागले. रांगा तशाच वाकलेल्या होत्या. गाडी गेलेली नाही, मग वर कसं बघायचं? कुणालाच कळत नव्हतं. मी गेले नाही तर ही माणसं अशीच राहतील, असा एक वेडा विचार मनात येऊन गेला, आणि मला तो आवडला. माझी मोझु माझ्या हातात मेली होती, त्याचं दुःख अजून व्हायचं होतं. ते रांगेत उभं आहे आणि त्याची पाळी येईल, एवढं मला समजत होतं. मग सर्वांत जवळची एक मान तिरकी वर झाली. ओताकेबाई. त्यांनी वाकलेल्याच अवस्थेत काचेपाशी तोंड आणलं.

"काय झालं, इसोगाईसान? काही राहिलं का?"

मी काच खाली केली, उत्तर द्यायला. वारा आत आला. आणि तेव्हा शेजारून टुणटुण सुरू झाली. पट्टा लावा, पट्टा लावा. मी सवयीने पिशवी उचलायला हात नेला. पिशवी मागे होती. हाचियासान बसणार म्हणून मीच सकाळी मागे टाकली होती. सीटवर काहीही नव्हतं.

ओताकेबाईंनी त्या सीटकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

मी हात लांब करून त्या सीटचा पट्टा ओढला आणि लावून टाकला.